इतर हक्कातली आजी

(आमच्या गटाच्या दोन दिवसांच्या शिबिरात ‘आपल्या घरातल्या बाया’ या सत्रात केलेलं हे भाषण. ध्वनिमुद्रणावरून उतरवून घेतलं आहे. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



या सत्रात मी बोलायचं ठरलं तेव्हा आपल्यातल्या एकीनं सुचवलं होतं, की तू वारसा हक्काच्या कायद्यावर बोल, ते तुला पाठ आहे. खरंच पाठ आहे. गेली बारा-तेरा वर्षं गावोगावच्या शिबिरांतून मी तेच बोलते आहे. पण सत्राचं नाव ‘आपल्या घरातल्या बाया’ आहे, आणि घरातली बाई म्हटलं की मला माझी आजीच दिसते, माझ्या वडिलांची आई. तिच्याबद्दल बोलताना कायदाही येणार आहे, पण जरा उशिरा. आधी देव येणार आहे. आपल्या व्यासपीठावर देवाला सहसा बोलावत नाहीत, तेव्हा थोडं सांभाळून घ्या.

आजी २०१९ च्या कार्तिकात गेली. वय किती होतं ते कुणालाच नक्की माहीत नाही. आधार कार्डावर एक जानेवारी ही जन्मतारीख होती. आपल्यापैकी ज्या खेड्यात काम करतात त्यांना ठाऊक आहे, की निम्म्या गावाच्या म्हाताऱ्या एक जानेवारीलाच जन्माला आलेल्या असतात. ती स्वतः सांगायची, की जर्मनची लढाई लागली त्या साली तिचं लग्न झालं आणि तेव्हा ती बारा वर्षांची होती. म्हणजे जन्म १९२७ च्या सुमाराचा धरला तर ती ब्याण्णव वर्षं जगली. आमचं गाव मंगळवेढा तालुक्यातलं. तिच्या लग्नाच्या वेळी मंगळवेढा सांगली संस्थानात होतं. काळी जमीन, पाऊस आला तर ज्वारी उदंड, नाही आला तर माणसं देशोधडीला. पंढरपूर तिथून आठ कोसांवर. हे आठ कोस लक्षात ठेवा. आजीचं सगळं आयुष्य त्या आठ कोसांवरच उलगडलं.

आजोबा १९५८ साली गेले. ताप आला, तालुक्याला न्यायला बैलगाडी जुंपली आणि वाटेतच संपले. आजी एकतीस वर्षांची. थोरली आत्या तेरा वर्षांची, तिच्या पाठचे काका, त्यांच्या पाठचे माझे वडील चार वर्षांचे, आणि धाकटी आत्या तीन महिन्यांची अंगावर. आमचं घर मराठा शेतकऱ्याचं. तिकडे केशवपन नव्हतं, पण बाकीचं सगळं होतं. बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं, मंगळसूत्र काढलं. आजी त्याबद्दल फार बोलायची नाही. एकदाच म्हणाली होती, “हात-कपाळाचं काय न्हाई वाटलं बाई, पर गळा लई मोकळा वाटायचा. पाणी प्यायला वाकलं की काहीतरी हाताला लागायचं, ते लागंना.”

वर्षश्राद्ध झाल्यावर तिनं पंढरपुरात एका महाराजांच्या हातून तुळशीची माळ घातली. घरातल्यांना वाटलं, बाई देवाला लागली, बरं झालं. विधवा बाई देवाला लागली की सगळ्यांनाच बरं वाटतं. पण या माळेनं तिला काय काय दिलं त्याचा हिशेब मी पुढं एम.एस.डब्ल्यू. करताना मांडून पाहिला, तेव्हा चकित झाले. मोकळा गळा भरला, ही पहिली गोष्ट. कपाळाला कुंकू चालत नव्हतं, पण माळकरणीला बुक्का चालतो. पांढऱ्या कपाळाऐवजी काळा बुक्का लावून ती साठ वर्षं गावात ताठ वावरली. दुसरं म्हणजे माळकरणीच्या हातचं मटण कुणी मागू शकत नाही. जत्रेला दिराचे वीस-वीस सोबती जेवायला यायचे, त्यांचं रात्र-रात्र रांधणं तिचं सुटलं. ते जावेच्या वाट्याला गेलं, हेही सांगायला हवं. एका बाईची सुटका पुष्कळदा दुसऱ्या बाईच्या अंगावर पडते. आपण मोलकरणींच्या प्रश्नावर बोलतो तेव्हा हे मला नेहमी आठवतं.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही. मग सरकारनंही परिपत्रक काढलं. आपण सगळ्यांनी तेव्हा त्याचं स्वागत केलं. मला त्या दिवशी आजीचा बुक्का आठवत होता. तिच्यासाठी कुणी ठराव केला नव्हता, तेव्हा तिनं आपल्यापुरती वाट काढली होती.

पण माळेची सगळ्यात मोठी कमाई म्हणजे वारी. आषाढी-कार्तिकीची नव्हे, ती सगळेच करतात. महिन्याची वारी. दर महिन्याच्या शुद्ध एकादशीला पंढरपूर. दशमीला पहाटे गावातून चालत निघायचं, संध्याकाळी पोचायचं, एकादशी तिथं करायची आणि द्वादशीला पारणं सोडून परत फिरायचं. महिन्यातले तीन दिवस. म्हणजे वर्षाचे छत्तीस दिवस, अधिक महिना आला तर एकोणचाळीस. खेड्यातल्या एकत्र कुटुंबातल्या विधवा सुनेला १९५९ साली दर महिन्याला तीन दिवस घराबाहेर राहायला कुणी दिलं असतं? माहेरीसुद्धा पाठवलं नसतं. पण वारीला ‘नाही’ कुणी म्हणायचं? सासरे स्वतः माळकरी होते. त्यांना ‘नाही’ म्हणता येईना. दीर धुसफुसायचे. सुगीच्या दिवसांत तर फार. आजी एकच उत्तर द्यायची, “त्याला जाऊन सांगा, तुझी वारी बंद केली म्हणून.” ते सांगायला पंढरपूरला कोण जाणार?

तीन दिवस मुलांचं काय, असं मी एकदा विचारलं होतं. अंगावरची धाकटी पाठीला बांधून जायची, बाकीची थोरल्या आत्याच्या हवाली. तेरा वर्षांची मुलगी तीन दिवस भाकरी थापायची. थोरल्या आत्याची शाळा अशी सुटली. हे आजी सांगायची नाही, थोरली आत्या सांगते.

तिकडे पंढरपुरात त्या करायच्या काय? मी लहानपणी दोन-तीनदा गेले आहे. चंद्रभागेत बुडी मारायची, नामदेव पायरीला डोकं ठेवायचं, रांगेत उभं राहायचं, हे सगळं खरं. पण संध्याकाळी धर्मशाळेच्या पडवीत आठ-दहा गावांच्या बाया पाय पसरून बसायच्या, एकमेकींच्या टाचांच्या भेगांना तेल लावायच्या आणि बोलायच्या. कुणाची सून कशी, कुणाच्या नवऱ्यानं दुसरी केली, कुणाच्या जमिनीचा काय तंटा. मधेच कुणीतरी टाळ घ्यायची, हरिपाठ व्हायचा, परत बोलणं सुरू. आजीला अक्षरओळख नव्हती, हरिपाठ मात्र सगळा मुखोद्गत. आपण पुढं ज्याला बायकांचा गट म्हणू लागलो, बायकांनी बायकांशी बोलण्याची जागा म्हणू लागलो, ती तिला दर एकादशीला मिळत होती. मला हे म्हणताना थोडी भीती वाटते. उद्या कुणी म्हणायचं, की मग तुमच्या स्त्रीमुक्तीची गरज काय, वारी होतीच की. तसं मी म्हणत नाही. त्या पडवीतून उठून त्या बाया पुन्हा त्याच घरी जात होत्या. पण तीन दिवसांनी जाणं आणि कधीच बाहेर न पडणं यात फरक आहे, आणि तो फरक ज्या बाईनं भोगला तिलाच तो कळतो.

आजीचं देवाशी नातं अदबीचं नव्हतं. ती विठोबाला घरातल्या माणसासारखी बोलायची, बोल लावायची. पंढरपुरात रखुमाईचं देऊळ वेगळं आहे हे तुम्हाला माहीत आहे. ती रुसून दिंडीरवनात जाऊन बसली अशी कथा आहे. आजी आधी रखुमाईकडे जायची, मग विठोबाकडे. मी विचारलं तर म्हणाली, “तिचं काय चुकलं? त्यानं ऐकलं न्हाई, ती निघून गेली. आपल्याला जमलं का?” हे ती हसत म्हणाली होती. नंतर बराच वेळ गप्प बसली.

बहात्तरच्या दुष्काळात आजी खडी फोडायला गेली. आमच्या जिल्ह्यात तो दुष्काळ फार वाईट होता. ज्वारीचं कोठार म्हणवणाऱ्या तालुक्यात माणसं रेशनची लाल मिलो खात होती. खडीच्या कामावर, पाझर तलावाच्या कामावर बायाच बाया. घरंदाज म्हणवणाऱ्या घरांतल्याही. दिरांना ते लाजिरवाणं वाटलं, म्हणून त्यांनी जावेला पाठवलं नाही. आजीला आडवलं नाही. विधवेला घरंदाजपणाची तेवढी सक्ती नसते. कामावर सुकडी मिळायची. एकादशीला तिला सुकडी चालायची नाही, मग ती पदराला बांधून घरी आणायची. वडील सांगतात, “आम्ही एकादशीची वाट बघायचो.” हा उपास देवाचा होता की पोरांचा, असा प्रश्न मी कॉलेजात असताना मोठ्या तोऱ्यात आजीला विचारला होता. बायकांचे उपास आणि रक्तक्षय यावर आमचं नुकतंच एक व्याख्यान झालं होतं. ती म्हणाली, “दोघांचा व्हता. तुझं काय म्हणणं हाय?” माझं म्हणणं त्या वेळी पुष्कळ होतं. आता ते एवढं राहिलेलं नाही.

जात्यावरच्या ओव्या ती शेवटपर्यंत म्हणायची, जातं बंद झाल्यावरही. गव्हाच्या पिठाची चाळणी हातात घेतली तरी ओवी यायची. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी खेडोपाडी हिंडून लाखभर ओव्या जमा करवल्या, त्यांचं काम मी वाचलं होतं, त्यावर शिक्षकांपुढं बोललेही होते. माझ्या आजीची एकही ओवी माझ्याकडे उतरवलेली नाही. असो.

आता एक अवघड गोष्ट. आजीसोबत महिन्याच्या वारीला आमच्या गावची आणखी एक बाई असायची, आजीच्याच वयाची, महारवाड्यातली. आता तिथं बौद्धवाडा अशी पाटी आहे. तिच्या मुलांनी धम्म स्वीकारला होता. आईनं वारी सोडावी म्हणून ती भांडायची. तिनं सोडली नाही. मंगळवेढं हे चोखोबांचं गाव. तिथंच वेशीचं काम करताना भिंत कोसळून ते गेले. त्यांची समाधी पंढरपूरला महाद्वारासमोर आहे. ती बाई आधी तिथं टेकायची, मग पुढं जायची. साने गुरुजींच्या उपोषणानंतर, मे १९४७ मध्ये पंढरपूरचं देऊळ सगळ्यांना खुलं झालं, तेव्हा आजीचे सासरे चिडून काही वर्षं देवळात गेलेच नाहीत, कळसाचं दर्शन घेऊन परतायचे. आजीला तो राग कधी कळला नाही. ती आणि ही बाई चाळीस-पंचेचाळीस वर्षं महिन्याच्या महिन्याला ते आठ कोस बरोबर चालल्या. एकीच्या पायात काटा गेला तर दुसरी काढायची.

आणि घरी? घरी ती आली तर तिचा कप गोठ्याच्या कोनाड्यात पालथा ठेवलेला. ती स्वतःच तो काढायची, विसळायची, समोर धरायची. आजी वरून चहा ओतायची.

मी एकोणीस वर्षांची असताना यावरून आजीशी भांडले. ती म्हणाली, “वाटंनं तसलं काय नस्तं.” मी म्हटलं, “मग घरात का असतं?” ती काही बोलली नाही. पुढच्या सुटीत गेले तर कोनाड्यात कप नव्हता. फुटला, एवढंच काकू म्हणाली. दुसरा ठेवला गेला नाही. पण तोवर ती बाई फार थकली होती, तिचं येणंही थांबलं होतं. त्यामुळं घरातल्या कपातून आजीनं तिला चहा दिला असता का, याचं उत्तर मला मिळालेलं नाही. आजीची भक्ती खरी होती. आणि तो कपही खरा होता. यातलं एक सांगून दुसरं लपवायचं असेल तर मग असल्या सत्रात बोलूच नये.

आमच्या शेजारच्या घरात मारहाण चालायची. आरडाओरडा सुरू झाला की आजी उठायची, तांब्या घ्यायची आणि त्या घराच्या उंबऱ्यात जाऊन बसायची. “पाणी संपलंय, तांब्याभर दे,” म्हणायची. पाणी दिलं तरी उठायची नाही. बसून राहायची. माळकरणीला उंबऱ्यातून उठवणार कोण? तो माणूस शेवटी बाहेर निघून जायचा. एम.एस.डब्ल्यू.ला हस्तक्षेपाच्या पद्धती शिकले तेव्हा तांब्याचा उल्लेख कुठंच नव्हता. पण एक सांगते, त्या बाईला आजीनं कधी ‘माहेरी जा’ किंवा ‘पोलिसात जा’ असं सांगितलं नाही. ‘सहन कर’ असंही सांगितलं नाही. ती फक्त बसायची.

आता कायदा.

आजोबा गेले १९५८ ला, म्हणजे हिंदू वारसा कायदा झाल्यावर दोन वर्षांनी. कायद्यानं आजी आणि चारही मुलं आजोबांच्या हिश्श्याची वारस. प्रत्यक्षात सातबाऱ्यावर दिरांचं नाव लागलं, पुढं ‘ए. कु. मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. पुढं सत्तरच्या दशकात दिरांशी वाटणी झाली, अकरा एकर आमच्याकडे आले. तेव्हा भोगवटादार म्हणून काका आणि माझे वडील अशी दोनच नावं लागली. आई आणि दोन बहिणी उजवीकडच्या रकान्यात, ‘इतर हक्क’ या सदरात. तुमच्यापैकी कितीजणींनी आपल्या घरचा सातबारा बघितला आहे? शिबिरात हा प्रश्न मी नेहमी विचारते. बघितला नसेल तर बघा. ‘इतर हक्क’ या रकान्यात सोसायटीचा बोजा असतो, विहिरीतल्या पाण्याचा हिस्सा असतो, आणि आई असते.

१९९६ साली काकांना विहिरीसाठी कर्ज हवं होतं. बँकेनं सांगितलं, इतर हक्कातली नावं कमी करून आणा. थोरल्या आत्याला सासरहून बोलावलं. मी आठ वर्षांची होते. जीपमधून सगळे तालुक्याला गेलो म्हणून मला जत्रेला गेल्यासारखं वाटत होतं. दुय्यम निबंधकाच्या कचेरीबाहेर लिंबाखाली आत्या बसली होती. तिच्या सासरची ओढगस्तीच होती, तिच्या मनात काहीतरी घोळत होतं. तिनं आजीला विचारलं, “आई, करू का सही?” आजी म्हणाली, “कर. भाऊ राहिलं तर माहेर राहील.” आत्यानं सही केली. चौथी शिकली होती, सही चांगली करायची. हक्कसोड झालं. परत येताना पेठेतून तिला एक हिरवी साडी घेतली. मला रिबिनी मिळाल्या. धाकट्या आत्याची सही त्या वेळी राहून गेली, ती आजारी होती. तिचं नंतर बघू म्हणाले.

दोन वर्षं आधी, १९९४ मध्ये महाराष्ट्रानं कायदा बदलून वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलग्यांसारखा जन्मतः हक्क दिला होता. तोही आधी लग्न झालेल्या मुलींना नव्हता. थोरल्या आत्याच्या कामाचा नव्हताच. पण आजोबांच्या हिश्श्यातला जो वाटा १९५८ पासून तिचा होता, तो तिनं त्या लिंबाखाली सोडला.

धाकट्या आत्याला नवऱ्यानं टाकलं त्याला तोवर पंधरा वर्षं झाली होती. मूल नाही म्हणून दुसरी केली. ती माहेरी आली ती राहिलीच. काकांच्या शेतात राबायची, आजीबरोबर पडवीत झोपायची. घरातली सगळ्यात जास्त काम करणारी आणि कुठल्याच रकान्यात न बसणारी बाई.

२०१७ ला आमच्या शेताला लागून जाणारा रस्ता रुंद करायचं निघालं. पाऊण एकर जाणार, मोबदला येणार. भूसंपादनाच्या कचेरीतून सांगितलं, सातबाऱ्यावर ज्यांची ज्यांची नावं आहेत त्या सगळ्यांच्या सह्या हव्यात, इतर हक्कातल्यासुद्धा. काकांनी ठरवलं, एकदाच आजीचं आणि धाकट्या आत्याचं हक्कसोड करून घ्यावं, म्हणजे कायमची कटकट मिटेल. आजीनं अंगठा द्यायला नकार दिला. नव्वद वर्षांची बाई. म्हणाली, “हिचं नाव लावा, मग अंगठा घ्या.” काका बोलायचे थांबले. काकूनं ताट आदळायला सुरुवात केली. मोबदल्याची तारीख जवळ येत होती.

मग माझ्या वडिलांनी मला फोन केला. “तू शिकलेली आहेस, तुझं ऐकेल ती. समजाव तिला.”

इथं मला थांबावंसं वाटतं, पण थांबत नाही. मी गेले. त्या आठवड्यात मी दोन गावांत मालमत्तेच्या हक्कावर शिबिरं घेतली होती. बॅगेत पत्रकं होती. आणि मी आजीजवळ बसून म्हणाले, “आजी, करून टाक. घरात रोजची भांडणं, या वयात तुला कशाला ताप? धाकट्या आत्याचं आम्ही बघू की. मी आहे ना.”

आजीनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. तिला खरंच कळेना. म्हणाली, “मग तू बायांस्नी शिकिवतीस तरी काय?”

मला उत्तर देता आलं नाही. मी शांततेच्या बाजूनं बोलले होते, आणि घरातली शांतता कुणाच्या पैशानं विकत घेतली जाते हे मीच गावोगाव सांगत होते. स्वतःच्या वडिलांच्या विरुद्ध बोलायची वेळ आली तेव्हा सगळं एम.एस.डब्ल्यू. गळून पडलं.

थोड्या वेळानं मी विचारलं, “थोरल्या आत्याला तर तूच सही करायला सांगितलं होतंस.” आजी म्हणाली, “व्हय. मीच सांगितली.” मग खूप वेळानं, “त्या टायमाला वाटलं, माहेर राहील. राहिलं का? दिवाळीला दोन दिस. हिला तर सासर बी न्हाई. उद्या मी गेले की ही कुणाच्या दारात? एकादशीला त्याच्या पायावर डोकं ठेवते, त्याला काय सांगू?” ती ‘हक्क’ हा शब्द एकदाही बोलली नाही. समता, न्याय काही नाही. तिला विठोबाला तोंड दाखवायचं होतं. आपल्याला हे कारण पुरेसं वाटेल का, मला माहीत नाही. माझ्या पत्रकांतल्या सगळ्या कारणांपेक्षा ते टिकाऊ निघालं, एवढं मात्र खरं.

त्या रात्री मी अर्ज लिहून दिला. दुसऱ्या दिवशी आजीनं त्यावर अंगठा उठवला. पुढं दहा महिने गेले. घरात अबोला, नातेवाइकांच्या बैठका, ‘म्हातारीला पोरीनं फितवलं’ असे माझ्यावर आरोप. खरं तर मी फितवलं नव्हतं, उलट केलं होतं. ते कुणाला सांगताही येईना. शेवटी मोबदला अडकून पडला म्हणून असेल किंवा माझ्या वडिलांना मनातून वाटलं म्हणून असेल, सगळे तहसीलला गेले. २०१८ मध्ये फेरफार झाला. धाकट्या आत्याच्या नावावर दीड एकर. माळाकडची, मुरमाड, ज्यात मटकीशिवाय काही येत नाही अशी. कायद्यानं ती पुष्कळ जास्तीची धनी होती. तिनं ते घेतलं. मोबदल्यातलं तिला काही मिळालं नाही. आजीचं स्वतःचं नाव शेवटपर्यंत इतर हक्कातच राहिलं. ते लावायचं कुणाला सुचलं नाही, मलासुद्धा नाही.

त्यानंतर दीड वर्षानं आजी गेली. पंचाहत्तरीपर्यंत चालत वारी केली, मग एस.टी.नं, शेवटची तीन वर्षं घरीच. एकादशीला पंढरपूरच्या दिशेनं तोंड करून बसायची. जाण्याआधी दोन दिवस तिनं थोरल्या आत्याला बोलावून घेतलं होतं. त्या दोघींत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. मी आत्याला विचारलं नाही, आणि तिनं सांगितलं नाही.

दहाव्याला कावळा शिवेना. आमच्याकडे मग एकेकानं पुढं होऊन कबूल करायचं असतं. काका म्हणाले, बहिणीला अंतर देणार नाही. वडील म्हणाले, वारी चालू ठेवू. काकू म्हणाली, तुळशीला दिवा लावीन. थोरल्या आत्याला सगळे म्हणाले, तू बोल. ती पुढं झाली, हात जोडले आणि काहीच न बोलता मागं आली. कावळा आला नाहीच. दुपार झाली, शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. जेवताना प्रत्येकजण आपापला अर्थ लावत होता.

११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, की मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतःच हक्क, २००५ च्या दुरुस्तीवेळी वडील हयात असोत वा नसोत. टाळेबंदीचे दिवस. टीव्हीवर दिवसभर तेच. संध्याकाळी थोरल्या आत्याचा फोन आला. पंच्याहत्तरीची बाई, पहिल्यांदाच तिनं मला कायद्याचं काही विचारलं. “त्ये टीव्हीवर सांगत्यात, ते माझं बी हुईल का गं काय?”

मला सांगावं लागलं. की तू १९९६ ला नोंदणी करून सोडलं आहेस. २० डिसेंबर २००४ च्या आधी जी खरेदी-विक्री, वाटणी किंवा हक्कसोड झालं, त्याला नवी दुरुस्ती हात लावत नाही. मी ‘दुरुस्ती’, ‘नोंदणीकृत’ असे शब्द वापरत होते, कारण साधे शब्द जड जात होते. ती पलीकडे ऐकत होती.

“म्हंजे न्हाई,” ती म्हणाली.

“नाही, आत्या.”

“बरं.” मग थोडं थांबून, “हिरवी साडी अजून हाय माझ्याकडं. जरीचा काठ निघाला तेवढा.”

मी काही बोलले नाही. तीच पुढं म्हणाली, की आजीची महिन्याची वारी तिनं त्या वर्षी स्वतःकडे घेतली होती, माळ घातली होती, तीन वाऱ्या झाल्या आणि मार्चमध्ये देऊळ बंद झालं. आता पाच महिने झाले, खाडा पडतोय.

“तुला कळत असतंय समदं,” ती म्हणाली. “देऊळ कधी उघडणार हाय, ते तरी बघून सांग.”